जनुक मातीत उरते, पुढे काय?

२००२ सालच्या मार्चमध्ये केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने बीटी कापसाला परवानगी दिली आणि त्याच खरिपात तो महाराष्ट्रात कायदेशीरपणे पेरला गेला. आज राज्यात चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास कापूस असतो आणि जवळजवळ सगळा बीटीच असतो. म्हणजे विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या कित्येक वावरांत दोन दशके दर हंगामात बीटी पऱ्हाटीची पाने गळत आहेत, मुळे जागच्या जागी कुजत आहेत, वेचणीत सुटलेली सरकी चिखलात जात आहे आणि फरदड संपल्यावर उरलेल्या पऱ्हाट्यांवर रोटाव्हेटर फिरतो आहे. त्या प्रत्येक पानाच्या पेशीपेशीत बाहेरून घातलेली जनुके आहेत. ती मातीत गेल्यावर त्यांचे काय होते, या शंकेला आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक बाजू सांगते, डीएनए नाजूक असतो, पान कुजले की तोही संपला. दुसरी बाजू सांगते, माती कायमची बाटली. पहिले उत्तर चुकीचे आहे. दुसरेही चुकीचे आहे, शिवाय ते आपले लक्ष भलतीकडे वळवते, म्हणून मला त्याची काळजी अधिक वाटते.

आधी पहिल्या उत्तराचा हिशेब. वनस्पतीचा डीएनए मातीत किती टिकतो, हे नव्वदच्या दशकात अमेरिकेत आणि जर्मनीत शेतात जाऊन मोजले गेले. जनुक बदललेल्या तंबाखूचा अंश शेतात सुमारे अडीच महिन्यांपर्यंत, तर बटाट्याचा साडेचार महिन्यांपर्यंत सापडला. जर्मनीत शुगरबीटच्या शेतात तर पीक निघून गेल्यावर दोन वर्षांपर्यंत त्या विशिष्ट जनुकाचे तुकडे मातीत ओळखता आले; हा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे कॅनडात मका आणि सोयाबीनच्या शेतांतही असेच अंश सापडले, इतकेच नव्हे, सेंट लॉरेन्स नदीच्या परिसरात पाण्यात आणि तळच्या गाळात बीटी मक्याचे जनुक मिळाले. या टिकण्यामागचे कारण सोपे आहे. पेशी फुटली की डीएनए उघडा पडतो आणि मातीतले जिवाणू व बुरशी यांची विकरे त्याचे तुकडे करू लागतात. पण त्याआधी तो चिकणमातीच्या कणांना किंवा ह्युमसला चिकटला, तर विकरांचा हात तिथे नीट पोहोचत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातले गुंथर स्टॉट्झ्की यांनी ही गोष्ट वर्षानुवर्षे तपासली. मॉन्टमोरिलोनाइट या चिकण खनिजाला चिकटलेला डीएनए बराच काळ सुरक्षित राहतो आणि तरीही काही जिवाणूंना तो उचलता येतो, हे त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवले.

मॉन्टमोरिलोनाइट हे नाव महाराष्ट्राने लक्षात ठेवण्यासारखे आहे. बेसाल्टच्या झिजेतून तयार झालेली आपली काळी कापसाची माती, जी उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, तिच्या त्या फुगण्या-आकसण्यामागे मॉन्टमोरिलोनाइटच्या कुळातलीच खनिजे आहेत. शिवाय तिच्यात चुनखडी असते आणि कॅल्शियम डीएनएला मातीच्या कणाशी बांधायला मदत करतो. उलट माती विम्लधर्मी असली की ही पकड ढिली होते. एप्रिल-मे महिन्यांत पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कोरड्या ढेकळांमध्ये जिवाणूंची हालचाल मंदावते, आणि मृगाचा पाऊस पडला की तीच माती एकदम जागी होऊन भराभर कुजवू लागते. या सगळ्या ताणतणावांची बेरीज वजाबाकी युरोपातल्या थंड, ओलसर शेतावरून करता येणार नाही. जर्मनीतली दोन वर्षे यवतमाळकडे जशीच्या तशी आणणे चूक आहे, तशीच ती झटकून टाकणेही चूक आहे. तेव्हा बीटी जनुकाचे अंश काळ्या मातीत एका हंगामातून दुसऱ्यात पोचत असतील, असे गृहीत धरून पुढचा विचार करणे प्रामाणिकपणाचे.

मात्र हे टिकणे बीटीचे वैशिष्ट्य मुळीच नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये उत्तर ग्रीनलंडमधल्या गाळातून सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीच्या वनस्पती व प्राण्यांचा डीएनए वाचल्याचे जाहीर झाले. तिथेही खनिजांच्या कणांना चिकटल्यानेच तो टिकला होता. गोठलेल्या जमिनीचे उदाहरण टोकाचे म्हणता येईल, पण साध्या मातीतही हाच प्रकार लहान प्रमाणात चालू असतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अनेक ठिकाणच्या मातीतला जिवाणूंचा आणि बुरशीचा डीएनए तपासला, तेव्हा सरासरी चाळीस टक्के डीएनए मेलेल्या किंवा फुटलेल्या पेशींचा निघाला. आपल्या वावरातही गेल्या वर्षीच्या तुरीचा, धुऱ्यावरच्या बाभळीचा, बैलाच्या शेणाचा आणि त्या शेणातल्या असंख्य जिवाणूंचा डीएनए पडलेला असतो. त्या ढिगात बीटीचा वाटा किती, याचाही हिशेब होतो. कापसाच्या पेशीत डीएनएची दोनशे कोटींहून अधिक अक्षरे असतात. बाहेरून घातलेला भाग काही हजार अक्षरांचा असतो. म्हणजे कापसाचा जो डीएनए मातीत जातो, त्यातले दहा लाखांत चार-पाच अंश काय ते बाहेरचे. प्रमाण कमी आहे म्हणून परिणाम नाही, असा निष्कर्ष मात्र एवढ्यावरून काढता येत नाही; जीवशास्त्रात थोडेसेही पुरते. त्यासाठी पुढचा प्रश्न विचारावा लागतो.

त्याआधी चाचणीबद्दल थोडे. मातीत बीटी जनुक सापडले, असा अहवाल येतो तो बहुतेक वेळा पीसीआर चाचणीचा. ही चाचणी शेकडो अक्षरांचा एक ठरावीक तुकडा शोधते आणि त्याच्या कोट्यवधी प्रती काढून दाखवते. तुकडा सापडला याचा अर्थ अख्खे जनुक सापडले, असा होत नाही. जनुक अख्खे असले तरी ते चालू आहे, असाही होत नाही. रद्दीत सातबाऱ्याचा फाटका कोपरा सापडला म्हणून कोणाची जमीन कोणाच्या नावावर चढत नाही. आणि या फाटण्याचा वेग मोठा असतो: मातीत राहिलेल्या डीएनएचे लांब धागे आधी तुटतात, आखूड तुकडे मागे उरतात. म्हणून चाचणीत जनुक दोन वर्षे दिसले, तरी त्यातले उपयोगी पडण्याजोगे अख्खे जनुक त्याच्या कितीतरी आधी संपलेले असण्याची शक्यता दांडगी.

आता मूळ प्रश्न. हा डीएनए कोणी उचलतो का? काही जिवाणू उचलतात, यात वाद नाही. १९२८ मध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी मेलेल्या जिवाणूंचे गुण जिवंत जिवाणूंत उतरलेले पाहिले. ते गुण वाहून नेणारा पदार्थ डीएनए आहे, हे ॲव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये दाखवले. आधुनिक जीवशास्त्राची एक मोठी वाट तिथून सुरू झाली. मातीतला असिनेटोबॅक्टर हा जिवाणू तर उघडा डीएनए उचलण्यात पटाईत आहे, म्हणून जर्मन संशोधकांनी १९९८ मध्ये मुद्दाम तोच निवडला. त्याच्यात कॅनामायसिनला प्रतिकार करणाऱ्या जनुकाची मोडकी प्रत आधीच बसवली आणि त्याला जनुक बदललेल्या झाडाचा डीएनए खाऊ घातला. झाडातल्या चांगल्या प्रतीने त्याने आपली मोडकी प्रत दुरुस्त करून घेतली. म्हणजे रस्ता बंद नाही. पण जुळणारी मोडकी प्रत काढून घेतली की हेच बदल इतके दुर्मीळ होतात की मोजमापाच्या पट्टीखाली जातात. आणि शेतात जाऊन शोधले तेव्हा? शुगरबीटच्या त्याच शेतात, जिथे जनुकाचे तुकडे दोन वर्षे दिसत होते, ते उचललेला जिवाणू मिळाला नाही. फ्रान्समध्ये दहा वर्षे सलग बीटी मका घेतलेल्या शेताची माती साध्या शेताशी ताडून पाहिली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू दोन्हीकडे भरपूर होते आणि दोन्हीकडे सारखेच होते. मक्यामुळे त्यांत भर पडल्याचे दिसले नाही.

इथे एक जोरदार हरकत येते आणि ती खरेच विचार करायला लावणारी आहे. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो विद्यापीठातले कोरे निल्सन आणि त्यांचे सहकारी जेफ्री टाउनसेंड यांनी २००४ मध्ये ती नेमकेपणाने मांडली. एक ग्रॅम मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. तुम्ही त्यांतले काही हजार तपासून काही सापडले नाही म्हणता. चाळीस लाख हेक्टरांवर वीस वर्षांत असा एखादा बदल एकदाही झाला नसेल, हे कशावरून? निसर्गात अशा उड्या झालेल्याच आहेत. उपासाला आपण जे रताळे उकडून खातो, त्याच्या जनुकसंचात ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूचे जनुक हजारो वर्षांपासून आहे, हे २०१५ मध्ये समोर आले. बीटी कापूस तयार करतानाही हाच जिवाणू वापरला होता. कापसावरच्या पांढऱ्या माशीने तर लाखो वर्षांपूर्वी वनस्पतीचे एक जनुक पळवले आणि त्याच्या जोरावर ती वनस्पतींचे विष पचवते, हे २०२१ मध्ये उघड झाले. मग दुर्मीळ म्हणजे अशक्य नव्हे. हरकत मान्य. पण तिचाच पुढचा अर्धा भाग निल्सन यांनी मांडला आहे, आणि तो आपल्याकडे कोणी ऐकवत नाही. एका जिवाणूने एकदा जनुक उचलले, तर तो एकटा जिवाणू मातीतल्या अब्जावधींत हरवून जातो. तो वाढतो, पसरतो आणि आपल्याला दिसू लागतो तेव्हाच, जेव्हा त्या जनुकाने त्याला शेजाऱ्यांपेक्षा काही फायदा होतो. म्हणून जनुक किती दिवस टिकले, हा दुय्यम प्रश्न. त्या मातीत असे काय आहे, की ज्यामुळे ते उचलणारा फळेल, हा पहिला.

या कसोटीवर बीटी कापसातली जनुके एकेक करून लावून पाहू. बोंडअळीला मारणारे क्राय जनुक मूळचे बॅसिलस थुरिंजिएन्सिसचे, म्हणजे मातीतल्याच जिवाणूचे. १९०१ मध्ये जपानमध्ये रेशमाच्या अळ्या मारताना तो ओळखला गेला, १९११ मध्ये जर्मनीत त्याला नाव मिळाले. कापसासाठी या जनुकाची भाषा वनस्पतीच्या पेशीला रुचेल अशी बदललेली आहे. ते उचलून मातीतल्या जिवाणूला काही साधणार नाही. ज्यांना ते हवे त्यांच्याकडे मूळ प्रत आहेच. उरली ती निशाणीची जनुके. बोलगार्ड नावाने विकला जाणारा बीटी कापूस ज्या मूळ घडणीवर उभा आहे, तिच्यात प्रतिजैविकांना प्रतिकार करणारी दोन जनुके आहेत: एक कॅनामायसिनसाठी, दुसरे स्ट्रेप्टोमायसिन आणि स्पेक्टिनोमायसिनसाठी. प्रयोगशाळेत योग्य पेशी निवडण्याच्या सोयीसाठी ती घातली गेली. शेतात त्यांचे काही काम नाही. युरोपीय संघाने २००१ च्या आदेशातच, आरोग्याला वा पर्यावरणाला बाधा आणू शकणारी अशी जनुके २००४ अखेरपर्यंत बाजारातून काढत जाण्याचे ठरवले. आपण २००२ मध्ये त्यांच्यासकट परवानगी दिली. त्यात तातडीचा धोका नव्हता, पण गरज नसलेली वस्तू चाळीस लाख हेक्टरांवर नेण्यामागे कोणते शहाणपण होते, हे विचारायला हवे होते.

तरीही बोट कापसावर थांबत नाही, आणि इथेच माझ्या म्हणण्याचा मुख्य भाग येतो. कॅनामायसिन शेतात कोणी फवारत नाही. स्ट्रेप्टोमायसिन मात्र फवारतो. डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी सोलापूर-नाशिक पट्ट्यात आणि कापसावरच्या जिवाणूजन्य करप्यासाठी विदर्भात शेतकरी जे स्ट्रेप्टोसायक्लिन पाण्यात मिसळतो, ते म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. कृषी सेवा केंद्रात ते सहज मिळत आले आणि कृषी विद्यापीठांच्या शिफारशींतही बसत आले. निवड होते ती इथे. ज्या जिवाणूला प्रतिकार आहे तो फवाऱ्यातून वाचतो, बाकीचे मरतात. त्याला तो प्रतिकार बीटी पऱ्हाटीच्या तुकड्यातून मिळवण्याची गरज नसते. स्ट्रेप्टोमायसिन स्वतःच १९४३ मध्ये मातीतल्या जिवाणूपासून मिळाले. त्याच्याशी झगडणारी जनुकेही मातीत तेवढीच जुनी आहेत. कॅनडातल्या युकॉनमध्ये तीस हजार वर्षे गोठलेल्या मातीत प्रतिजैविकांना प्रतिकार करणारी जनुके सापडली; ती माती गोठली तेव्हा औषध कंपन्या नव्हत्या आणि जैवतंत्रज्ञानही नव्हते. आणि जिवंत जिवाणूंमध्ये ही जनुके प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यांवरून एकमेकांकडे जातात तो वेग उघड्या डीएनएच्या उचलेगिरीपेक्षा कितीतरी पटींनी मोठा असतो. कोंबडीखताच्या एका ट्रॉलीतून वावरात येणारी प्रतिकारी जनुके कापसाच्या कुजलेल्या मुळांतून येणाऱ्यांपेक्षा संख्येने जास्त आणि कामाला तयार असतात. २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांतून कोलिस्टिनचा प्रतिकार पसरल्याचे कळले, आणि माणसाचे शेवटचे हत्यार समजले जाणारे ते औषध भारतात कुक्कुटपालनात २०१९ मध्ये बंद करावे लागले. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन शेतीतून टप्प्याटप्प्याने काढण्याचा मसुदा आदेश काढला. या मसुद्यावर गावपातळीवर जितकी चर्चा व्हायला हवी होती, त्याच्या शतांशही झाली नाही. बीटीने माती बाटते का, यावर मात्र झाली.

कोणी म्हणेल, म्हणजे तुम्ही बीटीला क्लीन चिट देता. एका मर्यादित मुद्द्यावर, होय: उघड्या डीएनएच्या टिकण्याच्या मुद्द्यावर. तेवढ्यावर देताना एक गोष्ट जोडतो. वर म्हटल्याप्रमाणे बीटी कापसात स्ट्रेप्टोमायसिनचे जनुक आहे आणि त्याच कापसावर स्ट्रेप्टोमायसिन फवारले जाते. हा योग जगात फार थोड्या ठिकाणी एवढ्या क्षेत्रावर जुळला असेल. तो जुळला म्हणून काही घडले, असा पुरावा नाही. माझ्या मते घडण्याची शक्यता फार थोडी आहे, कारण मातीत हा प्रतिकार आधीच मुबलक आहे. पण निल्सन यांच्या कसोटीवर नेमकी हीच जागा मोजण्यासारखी ठरते, आणि फवारा बंद केला तर ती शंका आपोआप निकामी होते. म्हणून उपाय कापसाशी भांडण्यात नाही, फवाऱ्यात आहे. प्रथिनाबद्दलही थोडे बोलले पाहिजे, कारण डीएनए आणि प्रथिन यांची गल्लत वारंवार होते. बीटी मक्याच्या मुळांतून क्राय प्रथिन मातीत झिरपते हे स्टॉट्झ्कींच्या गटाने १९९९ मध्ये दाखवले आणि चिकणमातीला चिकटल्यावर ते महिनोनमहिने टिकते, हेही. दुसरीकडे, तीन ते सहा वर्षे सलग बोलगार्ड कापूस घेतलेल्या अमेरिकेतल्या शेतांत ते प्रथिन आढळले नाही, असे २००२ च्या एका अभ्यासात आहे. तो अभ्यास हे तंत्रज्ञान विकणाऱ्या मॉन्सॅन्टो कंपनीच्या शास्त्रज्ञांचा होता, हे वाचकाला माहीत असावे. त्यामुळे तो खोटा ठरत नाही, पण त्यावर समाधान मानून थांबणेही बरोबर नाही.

वावरात जे उरते आणि वाढतेही, त्याच्याकडे पाहू. उघडा डीएनए कोणाला काही करत नाही. बी करते, किडा करतो. स्वीडनमध्ये जनुक बदललेल्या मोहरीच्या कुळातील तेलबियांची चाचणी झाल्यानंतर दहा वर्षांनी त्याच शेतात तिची रोपे उगवताना सापडली, कारण त्या बिया जमिनीत झोपून राहतात. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात कोणी पेरला नव्हता असा तणनाशक-सहनशील गहू एका शेतात उभा मिळाला. मॉन्सॅन्टोच्या चाचण्या थांबून कित्येक वर्षे झाली होती, आणि जपानने त्या भागातल्या गव्हाची खरेदी थांबवली. मेक्सिकोत जिथे कापसाचे रानटी पूर्वज आहेत तिथे त्या रानकापसात बाहेरची जनुके पोचल्याचे २०११ मध्ये कळले, परागकणांतून आणि सांडलेल्या बियांतून. यांतल्या कुठल्याही ठिकाणी जिवाणूने मातीतून जनुक उचलल्याची कथा नाही. आपल्याकडची सरकी मोहरीसारखी वर्षानुवर्षे झोपून राहत नाही, म्हणून कापसाची गोष्ट वेगळी. परंतु डीएमएच-११ या जनुकीय मोहरीला २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पर्यावरणीय मान्यतेची शिफारस झाली, आणि त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे मत २०२४ च्या जुलैमध्ये दोन न्यायमूर्तींत विभागले गेले. मोहरीच्या बियांचे झोपणे हाच तिथे खरा प्रश्न. मातीतल्या तुकड्यांची भीती त्याला झाकून टाकते.

किड्याचे आपण भोगतोच आहोत. शेंदरी बोंडअळी, जिला शेतकरी गुलाबी बोंडअळी म्हणतात, पहिल्या पिढीच्या बीटीला गुजरातमध्ये पुरून उरल्याचे मॉन्सॅन्टोने स्वतःच २०१० मध्ये मान्य केले. दुसऱ्या पिढीचा बीटी आला तो २००६ मध्ये. २०१७ च्या हंगामात विदर्भात त्याच्याही डोमकळ्या आणि किडलेली बोंडे वावरोवावरी दिसली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. वाढलेल्या फवारणीची सगळी कारणे बोंडअळीवर टाकता येणार नाहीत. मिसळायची औषधे, त्यांचे प्रमाण, हातमोजे, उंच वाढलेले पीक, सगळ्यांचा हात होता. पण अळीचा प्रतिकार ही घडण किड्याच्या शरीरातली, वारसाने चालणारी आणि शेतातून शेतात उडत जाणारी आहे. तिला रोखायला नियमांत पाच ओळी किंवा वीस टक्के बीटीविरहित कापूस लावायचा होता. पाकिटासोबत येणारे ते वेगळे बी बहुतेक ठिकाणी धुऱ्यावरही गेले नाही, कारण त्या ओळीतले पीक अळीच्या ताब्यात द्यायला कोणाला परवडत नव्हते आणि तशी भरपाई कोणी देत नव्हते. तणनाशक-सहनशील अवैध कापसाचे बीही असेच पसरले. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून कायद्याला आव्हान दिले. चोरट्या बाजारात तर ते त्याआधीपासून मिळत होते. हे वाण चांगले की वाईट, हा वेगळा वाद. त्याची चाचणी, त्याचा दर्जा आणि त्याच्या पिशवीत नक्की काय आहे, हे कोणालाही माहीत नाही, ही खरी अडचण. मातीत उरलेल्या तुकड्यांवर जो प्रश्न आपण वळवतो, तो पिशवीवर विचारला असता तर बरे झाले असते.

टिकण्याच्या भीतीचा प्रत्यक्ष तोटा होतो तो सेंद्रिय शेतीकडे वळणाऱ्याला. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात हंगामी पिकांसाठी दोन वर्षांचा संक्रमणकाळ धरला आहे. कालपर्यंत बीटी लावणारा शेतकरी उद्या देशी कापूस लावू म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात ही भीती पेरणे अन्याय आहे की जमिनीतले जुने बीटी नव्या पिकात शिरेल. मातीतला डीएनए मुळांतून चढून झाडाच्या जनुकसंचात बसत नाही. त्याच्या कापसात बीटी निघालेच तर ते शेजाऱ्याच्या शेतातून मधमाशीने आणलेल्या परागांतून, मिसळलेल्या सरकीतून किंवा जिनिंगमधल्या घोळातून येते, आणि तिन्ही जागी काळजी घेता येते. शिवाय सेंद्रिय शेतीत बॅसिलस थुरिंजिएन्सिसची फवारणी मान्य आहे. ज्या क्राय जनुकांची भीती घातली जाते त्यांच्याच मूळ प्रती जिवंत जिवाणूंसकट सेंद्रिय शेतकरी आपल्या हाताने भाजीवर मारतो. त्यात गैर काही नाही. त्याने जनुकाचे नाव ऐकून घाबरू नये, एवढेच.

मोजमापाचा विषय उरतो. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अकोला आणि परभणी येथे कृषी विद्यापीठे आहेत. पीसीआर यंत्र आता जिल्ह्याच्या महाविद्यालयातही असते. वीस वर्षे बीटी घेतलेले वावर, कधीच कापूस न घेतलेले वावर आणि स्ट्रेप्टोसायक्लिन भरपूर फवारलेली डाळिंबाची बाग, अशा तीन प्रकारच्या जमिनींतून मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर माती काढून, जनुकाचे आखूड तुकडे किती आणि अख्खी जनुके किती, तसेच प्रतिकारी जिवाणूंचे प्रमाण किती, हे मोजण्यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. काळ्या मातीतली जागतिक तोडीची आकडेवारी आपल्याकडूनच यायला हवी, कारण एवढा बीटी कापूस एवढ्या चिकण मातीत दुसरीकडे क्वचितच आहे. आकडे मराठीत, तालुकानिहाय, कंपनीच्या पैशाविना आणि कोणाच्याही आंदोलनाची वाट न पाहता छापावेत. कापसाचा भाग रिकामा निघेल असा माझा अंदाज आहे. डाळिंबाचा निघेल असे मला वाटत नाही. दरम्यान, मसुदा आदेशाने ठरलेली मुदत उलटल्यावरही स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी दुकानात दिसली, तर तालुका कृषी अधिकाऱ्याला विचारण्यासाठी या मोजमापाची वाट पाहण्याचे कारण नाही.